जहाजं फ्रेंचांची सरस, तरी समुद्र इंग्रजांचा. असं कसं?

बंदरपाखाडी

नमस्कार मंडळी,

गेले काही महिने शिडाच्या जहाजांच्या लढायांचं वेड लागलंय. घरच्यांना ऐकवून झालं, आता ते मी तोंड उघडलं की उठून जातात. म्हणून तुमच्या डोक्याला ताप.

प्रश्न असा. अठराव्या शतकात जहाजबांधणीत फ्रेंच पुढे होते, हे खुद्द इंग्रजही मान्य करत. १७४७ च्या मे महिन्यात फिनिस्टेर भूशिराजवळ त्यांनी फ्रेंचांचं 'इन्व्हिन्सिबल' पकडलं. ७४ तोफा, दोन मजले, चालीला चपळ, आणि खालच्या मजल्यावरच्या तोफा पाण्यापासून इतक्या उंच की वारं असतानाही वापरता येत. इंग्रजांची ८० तोफांची तीनमजली धुडं होती, त्यांची खालची दारं जरा समुद्र खवळला की बंदच ठेवावी लागत. म्हणजे सगळ्यात जड तोफा ऐन वेळी बिनकामाच्या. इंग्रजांनी लाज न बाळगता पकडलेल्या जहाजाची मापं घेतली आणि तशीच बांधायला काढली. पुढे अर्धशतकभर ७४ तोफांचं जहाज हाच त्यांच्या आरमाराचा कणा होता.

आणि तरी निकाल बघा. १६९२ ला हूग, १७५९ किबेरॉन, १७८२ सेंट्स, १७९८ नाईल, १८०५ ट्राफल्गार, सगळीकडे इंग्रज जिंकले. ट्राफल्गारला इंग्रजांची २७ मोठी जहाजं, समोर फ्रेंच-स्पॅनिश मिळून ३३. इंग्रजांनी एकही गमावलं नाही.

माझं मत तोफखान्याच्या बाजूने आहे. तुमचं? डच, स्पॅनिश, पोर्तुगीज सगळे चालतील. फक्त 'इंग्रज धूर्त होते' एवढं लिहून पळू नका.

चहाबाज

इंग्रज धूर्त होते.

(पळतो.)

आकडेमोड

तोफखान्याबद्दल सहमत, पण नेमकं काय होतं ते लिहितो. इंग्रज जहाजाच्या तळमजल्यावरची ३२ पौंडी तोफ जवळजवळ पावणेतीन टनांची. एका बाजूने लढताना तिच्याभोवती चौदा-पंधरा माणसं. तोफ उडाली की गाडा धाडकन मागे येतो आणि जाड दोरांवर अडकून थांबतो. लगेच एकाने ओला बोळा नळीत फिरवायचा, आत ठिणगी राहिली तर पुढची दारूची थैली भरणाऱ्याच्या हातातच पेटणार. मग थैली, गोळा, बोळा, गजाने ठासणं. मग सगळ्यांनी दोर ओढून तोफ पुन्हा दाराबाहेर काढायची, थैलीला भोक पाडायचं, रंजक भरायची, नेम, बत्ती. छत इतकं ठेंगणं की सरळ उभं राहता येत नाही, धुरात शेजारचा दिसत नाही, आणि पोरं तळातून दारू आणून देतायत.

हे सगळं न बोलता व्हायला हवं. चांगलं इंग्रज जहाज दीड-दोन मिनिटांत पुन्हा गोळे टाकायचं, अननुभवी जहाजाला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागे. मग ३३ विरुद्ध २७ या आकड्याला अर्थ उरत नाही.

मंजिरी_पुणे

@आकडेमोड, वर्णन झकास. पण दोघांनाही विचारते, हा वेग आला कुठून? फ्रेंचांना दोन हात नव्हते का? तोफखाना हा परिणाम झाला, कारण नव्हे.

कारण सोपं आहे. इंग्रज समुद्रावर असत आणि फ्रेंच बंदरात. ब्रेस्ट या फ्रेंच आरमारी बंदराबाहेर इंग्रजांचा ताफा महिनोन्महिने पहारा देत बसलेला. १८०३ ते १८०५ या काळात इंग्रज सेनापती नेल्सनने जवळपास दोन वर्षं आपल्या 'व्हिक्टरी' जहाजाबाहेर पाय टाकला नाही. रोज वारा, रोज शिडं, रोज कवायत. आत फ्रेंच खलाशी धक्क्याला बांधलेल्या जहाजावर. पावसाळाभर इनडोअर नेट्समध्ये सराव करून थेट मेलबर्नला उतरवल्यावर जे होईल तेच झालं.

बंदरपाखाडी

@मंजिरी, हे पटतं, पण १७९३ नंतरचं पटतं. क्रांतीनंतर फ्रेंच आरमाराचे अनुभवी अधिकारी देश सोडून गेले, आरमाराच्या तयार तोफचींचं दलही मोडीत काढलं. ते सोडा. त्याच्या आधीचं काय? ५ सप्टेंबर १७८१, अमेरिकेतला चेसापीक उपसागर. फ्रेंच द ग्रासची २४ जहाजं, इंग्रज ग्रेव्हजची १९. इंग्रज उपसागराच्या तोंडावरून माघारी फिरले, त्यांना आपलं 'टेरिबल' स्वतःच सोडून द्यावं लागलं आणि पुढच्या महिन्यात यॉर्कटाउनला इंग्रज फौजेचा सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. अमेरिका गेली. एवढा मोठा निकाल ट्राफल्गारनेही लावला नाही.

गलबत

हेच लिहायला आलो होतो. जिंकणं कशाला म्हणायचं यातच दोघांचा फरक होता. इंग्रज कप्तानाला शत्रूची जहाजं पकडायची असत, कारण पकडलेल्या जहाजाचे पैसे वाटून मिळत. फ्रेंच सेनापतीला सरकारचा हुकूम असे की अमुक सैन्य तमुक ठिकाणी पोचवा, तांडा सुखरूप आणा, जहाजं फुकट घालवू नका. म्हणून ते शिडं-डोलकाठ्यांवर गोळे टाकायचे. समोरचा लंगडा झाला की आपण आपल्या कामाला मोकळे.

वाऱ्याचाही भाग आहे. वाऱ्यामुळे जहाज कलतं. वाऱ्याकडून हल्ला करणाऱ्याची लढती बाजू खाली झुकते, तोफा आपोआप समोरच्याच्या लाकडी अंगाकडे. खालच्या अंगाला असलेल्याची लढती बाजू वर उचलली जाते, म्हणजे नेम शिडांकडे. आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला असलं की वाटेल तेव्हा निघून जाता येतं. फ्रेंच तिथेच राहणं पसंत करत.

खडूस_काका

"निघून जाता येतं" हे छान आहे. आमच्याकडे त्याला पळणं म्हणतात.

गलबत

काका, काम झाल्यावर निघून जाणं म्हणजे पळणं नव्हे. नाहीतर तुम्ही रोज सहाला ऑफिसातून पळताच की.

शिवनेरीकर

युरोप युरोप काय लावलंय? आमच्या आंग्र्यांनी इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनाही पाणी पाजलं ते कुणी लिहिणार का नाही?

मंजिरी_पुणे

आले! कान्होजींशिवाय आरमाराचा धागा पूर्ण होत नाही. :)

भाऊ, लिहिते की. १७२१ च्या डिसेंबरात मॅथ्यूजचा इंग्रज ताफा आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. त्यात या धाग्याच्या कामाचं काय, तर दोन युरोपीय आरमारं एकत्र लढताना एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत. ट्राफल्गारला फ्रेंच आणि स्पॅनिश अधिकाऱ्यांचंही तेच. बाकी गुराबा-गलबतं किनाऱ्यालगत, पडल्या वाऱ्यात, वल्हवून मागून गाठण्यासाठी उत्तम. भर समुद्रात सहा महिने राहणं हे त्यांचं कामच नव्हतं. तुलना करायची तर कामाची करावी.

ताळेबंद

मी सीए आहे त्यामुळे मला सगळीकडे हिशेबच दिसतो, माफ करा. पण तोफा, जहाजं, सराव या सगळ्याखाली पैसा आहे, आणि त्याबद्दल अजून कुणी अक्षर काढलं नाही.

१६९० मध्ये बीची हेडला फ्रेंच तूर्व्हिलने इंग्रज-डच ताफ्याला सपाटून मार दिला. त्या घडीला जगातलं पहिल्या नंबरचं आरमार फ्रेंचच होतं, चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेअर याने उभं केलेलं. इंग्लंडच्या राजाला नवं आरमार हवं होतं आणि त्याला कोणी कर्ज देईना. त्यातून १६९४ ला बँक ऑफ इंग्लंड निघाली. १२ लाख पौंड, आठ टक्क्यांनी. व्याज संसदेने लावलेल्या करांतून जाणार, राजाच्या मर्जीवर नाही. त्यामुळे लोक बिनघोर पैसे ठेवत.

फ्रान्स इंग्लंडपेक्षा मोठा, श्रीमंत, माणसं तिप्पट. पण कर्ज राजाचं. १७५९ च्या शरदात, ऐन युद्धात, राजाने देणी थांबवली. आता तुम्ही ब्रेस्टच्या गोदीला ओक, दोर, डांबर पुरवणारे व्यापारी आहात. पुढचा माल उधारीवर द्याल? त्याच नोव्हेंबरात किबेरॉन झालं.

जहाज बांधणं हा एकदाचा खर्च. ते दरवर्षी दुरुस्त करणं, आठशे-हजार माणसांना खायला घालणं, हा खरा खर्च. तो ज्याला झेपला तो जिंकला.

कालव्याकाठी

ताळेबंद ताई, तुमच्या मुद्द्याला डच पुरावा देते. मी कामानिमित्त नेदरलँड्समध्ये असते. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये 'रॉयल चार्ल्स' या इंग्रज जहाजाच्या मागच्या बाजूची भलीमोठी लाकडी नक्षी भिंतीवर लावलेली आहे. सिंह, एकशिंगी घोडा, सोनेरी रंग. १६६७ च्या जूनमध्ये डच सेनापती डी राउटरचा ताफा इंग्लंडच्या मेडवे नदीत शिरला, चॅटमची साखळी पार केली, नांगरलेली इंग्रज जहाजं जाळली आणि हे जहाज, इंग्रज आरमाराची शान, ओढून घरी नेलं. मी त्या नक्षीपुढे उभी असताना शेजारच्या इंग्रज आजोबांनी बायकोला "चल, पुढे चित्रं आहेत" म्हणून ओढत नेलं.

आता हिशेबाचा भाग. त्या वर्षी इंग्लंडकडे पैसे नव्हते म्हणून मोठी जहाजं बंदरात निजवून ठेवली होती. खलाशांना पगाराऐवजी चिठ्ठ्या मिळत, त्या बाजारात बऱ्याच कमी किमतीला विकाव्या लागत. काही इंग्रज खलाशी तर डच जहाजांवर नोकरीला होते आणि मेडवेत तिथूनच ओरडत होते, आधी चिठ्ठ्यांसाठी लढलो, आता रोख पैशासाठी लढतोय.

म्हणून माझं मत डचांना. वीसेक लाखांचा देश, पाच वेगवेगळी ॲडमिरल्टी मंडळं, पाचांची तोंडं पाच दिशांना, किनारा इतका उथळ की खोल बुडाचं मोठं जहाज बांधताच येत नाही. आणि तरी इंग्लंडच्या दारात.

खडूस_काका

मग पुढे काय झालं त्या डचांचं?

कालव्याकाठी

१६७२ ला फ्रेंच फौज जमिनीवरून आत घुसली, काका. इंग्लंडभोवती खंदक आहे, आमच्याभोवती नाही. पैसा किल्ल्यांत आणि फौजेत गेला. १७९७ ला कॅम्परडाउनला इंग्रज सेनापती डंकनने उरलंसुरलं संपवलं, पण तिथेही डच शेवटपर्यंत इंग्रजांसारखेच लाकडी अंगावर नेम धरून लढले. इंग्रज जहाजांची त्या दिवशी काय चाळण झाली ते वाचा.

मालवणी_मसालो

डच डच करतास आणि आमच्या वेंगुर्ल्यातली डच वखार कोणाक आठवली नाय? १६३७ ची आसा ती. गोव्यातल्या पोर्तुगीजांची कोंडी करूक डचांचा ताफा येई, तेका रसद हयसूनच. आता पडझड झाली हा, झाडी माजली हा. पण जावन बघा एकदा.

गोंयकार_परदेशी

+१ मसालो. पोर्तुगीजांना सगळ्यांनी या धाग्यात विसरायचं ठरवलेलं दिसतंय. १५०९ ला दीवसमोर त्यांनी जे केलं त्यावर शंभर वर्षं हिंदी महासागर चालला. मग डचांनी दरवर्षी वारं बदललं की मांडवीच्या तोंडाशी येऊन बसायचं आणि गोव्याहून लिस्बनला निघणारी जहाजं अडवायची. मंजिरी म्हणते तो ब्रेस्टचा पहारा डच आपल्या दारात आधीच करून बसले होते.

डॉक्टरीणबाई

सगळे तोफा मोजतायत, मेलेली माणसं कोणी मोजत नाही. सात वर्षांच्या युद्धात (१७५६-६३) इंग्रज आरमाराचे लढाईत मेले १,५१२. रोगाने मेले किंवा बेपत्ता झाले ते १,३३,००० च्या वर. पुन्हा वाचा. (बेपत्तामध्ये पळून गेलेले बरेच, हे खरं.)

१७४७ ला जेम्स लिंडने 'सॅलिसबरी' जहाजावर स्कर्व्हीचे (ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने होणारा रोग) बारा रोगी घेतले, दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत त्यातला एक कामावर हजर. इतकं स्वच्छ उत्तर मिळूनही आरमाराने लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ उजाडलं. सरकारी फाईल तेव्हाही तशीच चालायची.

पण त्याआधीही इंग्रज या बाबतीत पुढे होते. १७५९ मध्ये इंग्रज सेनापती हॉकचा ताफा ब्रेस्टबाहेर उभा होता तेव्हा त्याला इंग्लंडहून जिवंत गुरं, भाजीपाला, बिअर पोचवत. उलट १७७९ मध्ये फ्रान्स-स्पेनचा ६६ जहाजांचा ताफा इंग्लिश खाडीत शिरला, समोर अडवायला पुरेसं कोणी नव्हतं, आणि देवी, टायफस, स्कर्व्हीने माणसं इतकी मेली की उतरायचा बेत सोडून परत जावं लागलं. इतकी प्रेतं समुद्रात टाकली की प्लिमथकडचे लोक काही दिवस मासे खाईनात, असं सांगतात.

चहाबाज

जेवताना वाचत होतो. सुरमई होती. धन्यवाद.

इंजिनरूम

व्यापारी जहाजांवर नोकरी करतो, सध्या सुट्टीवर. एक तांत्रिक मुद्दा राहिलाय, तळाचा.

आजही जहाज ड्राय डॉकला घेतलं की तळावर कालवं आणि शेवाळ बघून थक्क व्हायला होतं. त्याने वेग पडतो, तेल जास्त जळतं. लाकडी जहाजाला वर पोखरणारा किडाही लागायचा. उष्ण समुद्रात दोन-तीन वर्षांत फळ्यांची जाळी. इंग्रजांनी १७६१ ला 'अलार्म' या फ्रिगेटच्या (मध्यम आकाराचं वेगवान लढाऊ जहाज) तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. किडा थांबला, शेवाळ थांबलं, पण तांब्याजवळचे लोखंडी खिळे समुद्राच्या पाण्यात गंजून झिजले. खिळे गेले की जहाजच सुटं होणार. म्हणून बेत बाजूला पडला.

१७७९ च्या सुमारास फ्रान्स, स्पेन दोन्ही अंगावर आल्यावर त्यांनी धोका पत्करून जवळपास सगळ्या ताफ्याला तांबं ठोकलं. अँगल्सीच्या खाणींतून तांबं मिळतच होतं. खिळ्यांचा प्रश्न नंतर मिश्रधातूने सुटला. तोवर झालं काय, तर गोदीत तळ घासायला लागणारा वेळ वाचला आणि आहे त्याच जहाजांत जास्त जहाजं समुद्रावर राहू लागली. १७८२ ला सेंट्सच्या लढाईत इंग्रज सेनापती रॉडनीचा ताफा तांब्याचा होता. फ्रेंचांनीही तांबं वापरलं, पण सगळ्या ताफ्याला पुरेसं नाही.

@ताळेबंद, हा खर्चही तुमच्याच खात्यात घाला.

ताळेबंद

घातला. :)

तीनमजली

स्पेनच्या वाट्याला नुसता "फ्रेंच-स्पॅनिश मिळून" एवढाच उल्लेख यावा हे बरोबर नाही. १७४१ ला दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिश कार्ताहेनावर इंग्रज सेनापती व्हर्नन केवढा ताफा घेऊन गेला होता! लंडनमध्ये विजयाची पदकंही पाडून झाली. तिथे होता ब्लास दे लेसो. एक डोळा, एक पाय आणि एक हात आधीच्या लढायांत निकामी झालेला. व्हर्नन पिवळ्या तापाने अर्धी माणसं घालवून परत गेला.

जहाजांचं म्हणाल तर हवानाची गोदी तिथल्या सीडर आणि महोगनीत जहाजं बांधायची, ती ओकपेक्षा टिकत. 'सान्तिसिमा त्रिनिदाद' तिथलंच, १७६९ चं. पुढे चौथा मजला चढवून ट्राफल्गारला उतरवलं, जगातलं सर्वात मोठं लढाऊ जहाज. होर्खे हुआन तर १७४९ ला नाव बदलून लंडनला राहिला आणि इंग्रज जहाजबांधणारे कारागीर फोडून स्पेनला पाठवले. कमी पडले ते खलाशी. जहाज बांधायला दोन वर्षं लागतात, शिडावर चढणारा माणूस तयार व्हायला दहा. ट्राफल्गारला स्पॅनिश जहाजांवर जमिनीवरचे शिपाई आणि रस्त्यावरून उचललेले लोक होते.

गलबत

रस्त्यावरून इंग्रजही उचलत होते, प्रेस गँग (जबरदस्तीने आरमारात भरती करणाऱ्या टोळ्या) विसरू नका. फ्रान्सची पद्धत उलट कागदोपत्री सुसंस्कृत. किनाऱ्यावरच्या खलाशांची नोंदणी, पाळीपाळीने आरमारात नोकरी. पण नोंदणीत होते तेवढेच. १७५५ ला इंग्रजांनी युद्ध जाहीर करायच्या आधीच शेकडो फ्रेंच व्यापारी जहाजं धरली, हजारो खलाशी तुरुंगात टाकले आणि सोडले नाहीत. लढाई सुरू व्हायच्या आधीच जहाजं रिकामी.

आकडेमोड

आणि ज्या इंग्रज सेनापतीने पुरेसा जोर लावला नाही त्याला? भूमध्य समुद्रातल्या मिनोर्का बेटाजवळ मागे फिरलेल्या बिंगला १७५७ च्या मार्चमध्ये त्याच्याच आरमाराने जहाजाच्या डेकवर गोळ्या घातल्या. दोन वर्षांनी हॉक किबेरॉनच्या खडकांत, वादळात, अंधार पडताना, नकाशा नसताना फ्रेंचांच्या मागे घुसला. स्वतःची दोन जहाजं खडकावर घालवली, पण थांबला नाही. बिंगची आठवण कुठेतरी असणारच.

बंदरपाखाडी

वा, धागा भारी रंगलाय. डोकं भणभणलं.

तरीही मी माझा एक माणूस पुढे करतोच. फ्रेंच सेनापती सफ्रेन. १७८२-८३, आपल्याच कोरोमंडल किनाऱ्यावर. इंग्रज सेनापती एडवर्ड ह्यूजशी पाच लढाया. जवळ स्वतःचं बंदर नाही, ब्रेस्ट हजारो मैल लांब. मोडलेल्या डोलकाठ्या एका जहाजाच्या काढून दुसऱ्याला, ऑगस्टमध्ये श्रीलंकेतलं त्रिंकोमाली जिंकून घेतलं, कडलूरला हैदरअलीला भेटला. त्याचे स्वतःचे कप्तान ऐन लढाईत लांब उभे राहत, तरी हा एकटा इंग्रजांना भारी पडत होता. म्हणजे माणूस असेल तर फ्रेंच आरमार कुठेही कमी नव्हतं.

इंजिनरूम

सफ्रेनला सलाम. पण त्या दोन वर्षांत ह्यूज दुरुस्तीला कुठे गेला ते बघा. मुंबईला. अठराव्या शतकाच्या मध्यापासून मुंबईत दगडी सुकी गोदी होती, जहाजं बांधणारी पारशी वाडिया मंडळी होती, मलबारचं सागवान होतं. १७८२ च्या अखेरीस ह्यूज मुंबईत जहाजं कोरड्यावर घेत होता आणि सफ्रेन सुमात्रातल्या अचिनला, नांगर टाकायला जागा मिळाली यातच समाधान मानत होता.

तुमच्या पहिल्या प्रश्नावरही मुंबईचंच उदाहरण देतो. इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात आज 'त्रिंकोमाली' नावाची फ्रिगेट तरंगते आहे, १८१७ ला मुंबईच्या गोदीतून पाण्यात सोडलेली. ब्रिटनचं अजून तरंगणारं सर्वात जुनं लढाऊ जहाज. आराखडा कुठला? १७८२ ला पकडलेल्या 'एबे' या फ्रेंच फ्रिगेटवरून घेतलेला. त्या आराखड्याची पहिली प्रत मुंबईकडे निघाली होती 'जावा' जहाजावरून, ते जहाज १८१२ ला अमेरिकनांनी ब्राझीलजवळ हरवून जाळलं. दुसरी प्रत पाठवली. जमशेटजी बमनजी वाडियांनी सागवानात बांधलं. ओकची जहाजं सडून गेली, हे अजून आहे.

मंजिरी_पुणे

अगदी! फ्रेंच डोकं, पारशी हात, मलबारी लाकूड आणि झेंडा इंग्रजांचा.

चहाबाज

म्हणजे माझा पहिलाच प्रतिसाद बरोबर होता.

बंदरपाखाडी

@चहाबाज, गप रे.

@इंजिनरूम, मुंबईचा मुद्दा जबरदस्त. पण मग जून १७८३ चं कडलूर घ्या. ह्यूज मुंबईहून ताजातवाना होऊन आलेला, १८ जहाजं. सफ्रेनची १५. तरी माघार कोणी घेतली? ह्यूजने, मद्रासला.

डॉक्टरीणबाई

ह्यूजच्या ताफ्यात पाणी संपत आलं होतं आणि माणसं स्कर्व्हीने आजारी होती. १७८३ म्हणजे लिंबाच्या फाईलला अजून बारा वर्षं होती.

नॉर्डिक

बाल्टिकबद्दल कोणीच बोललं नाही. १७९० ला स्वेन्स्कसुंडला स्वीडनने रशियाचा वल्ह्यांचा ताफा बुडवला, शेकडो जहाजं होती दोन्हीकडून.

बंदरपाखाडी

लिहा ना, वेगळा धागा काढा. मी येतो तिथे भांडायला.